जुन्या वर्तमानपत्रांतील गमती

आपल्या ज्ञातीच्या या स्मरणिकेसाठी दरसाल आमच्याकडे लेख मागितला जातो, आणि दरसाल आम्ही शिक्षणाचे महत्त्व, व्यसनांचे दुष्परिणाम अथवा हुंड्याची चाल यांपैकी एका विषयावर चार पाने लिहून देतो. ती पाने संपादक व मुद्रितशोधक यांखेरीज कोणी वाचीत असेल, असा आमचा समज नाही. आणि मुद्रितशोधकांविषयीही पुढे थोडे सांगावयाचे आहे. यंदा मात्र मंडळातील एका तरुण सभासदांनी घरी येऊन, पाया पडून, भीत भीत सांगितले की, "गुरुजी, यंदा वाचकांना थोडे हसू येईल असे काही द्या." ज्या माणसाने एकोणचाळीस वर्षे वर्गात 'हसू नका' हेच वाक्य सर्वांत अधिक वेळा उच्चारले, त्याच्याकडे ही मागणी यावी, ही एक गंमतच म्हणावयाची. आम्ही विनोदी लेखक नव्हे. परंतु सेवानिवृत्तीनंतर आम्हांस जुनी वर्तमानपत्रे वाचण्याचा छंद जडला आहे, आणि त्या छंदापायी आम्ही एकटेच बसून इतके हसलो आहो, की घरच्या मंडळींनी आमच्या प्रकृतीविषयी एकदोनदा चौकशीही केली.

हा छंद लागला तो वडिलांच्या पेटीमुळे. वडील निवर्तल्यावर त्यांची लोखंडी पेटी आम्ही उघडली. वर धोतरे, एक कोट, गिरणीची काही कागदपत्रे. आणि तळाशी जुन्या काळच्या पद्धतीप्रमाणे अंथरलेली वर्तमानपत्रे. कपडे बाजूला राहिले आणि आम्ही त्या पिवळ्या कागदांपाशीच दुपार घालविली. त्याच पेटीत एका पाकिटात घडी घालून जपलेले एक लहानसे कात्रण मिळाले. त्याची हकीकत शेवटी सांगू. ती आमच्या घरची आहे, आणि काही अंशी आपल्या सर्वांच्या घरची आहे.

मराठी वर्तमानपत्रांचा आरंभ मुंबईस ६ जानेवारी १८३२ रोजी झाला. त्या दिवशी बाळशास्त्री जांभेकर यांनी 'दर्पण' काढले. एका स्तंभात इंग्रजी, शेजारच्या स्तंभात मराठी, अशी त्याची मांडणी होती. शास्त्रीबुवा तेव्हा अवघे विशीच्या उंबरठ्यावर होते. आमच्या वर्गातून बाहेर पडलेली मुले त्या वयात अद्याप सायकलची किल्ली शोधीत असतात. लोकांचे मनोरंजन करणे हाही पत्राचा एक हेतू त्यांनी मानला होता, ही गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे. पुढे १८४९ साली पुण्यास 'ज्ञानप्रकाश' निघाले, १८८१ साली 'केसरी' निघाला. आपले सोलापूरही मागे नव्हते. 'कल्पतरू' हे साप्ताहिक एकोणिसाव्या शतकातच येथून निघत होते, आणि विसाव्या शतकात 'कर्मयोगी', 'सोलापूर समाचार', 'संचार' अशी नावे येथील लोकांच्या तोंडी झाली.

या पत्रांतील विनोदाविषयी एक गोष्ट प्रथम सांगितली पाहिजे. जो मजकूर त्या काळच्या संपादकाने विनोदी म्हणून छापला, त्याने आज सहसा हसू येत नाही. कोट्या शिळ्या होतात. हसू येते ते त्याने अत्यंत गंभीरपणे छापलेल्या मजकुराने.

जाहिरातींचेच पहा. आम्ही हे पान बातम्यांच्या आधी उघडतो. विसाव्या शतकाच्या आरंभीच्या पत्रांतून जामनगरच्या एका वैद्यराजांच्या आतंकनिग्रह गोळ्यांची जाहिरात हिंदुस्थानभर झळकत असे. गोळ्यांचा प्रचार व्हावा म्हणून वैद्यराज एक पुस्तक फुकट पाठवीत. त्या पुस्तकाचे नाव कुटुंबात वाचल्या जाणाऱ्या या स्मरणिकेत छापण्यासारखे नाही. परंतु गोळ्यांपेक्षा पुस्तकाची मागणी अधिक असावी, असा आमचा तर्क आहे. त्या काळचे कोणतेही पौष्टिक औषध घ्या, ते स्मरणशक्ती वाढविते, अपचन घालविते, केस काळे करते आणि पत्राने मागविल्यास टपालखर्च माफ असतो. आजच्या वाचकाने मोठ्याने हसण्यापूर्वी याच स्मरणिकेच्या मागील पानांवरील जाहिरातींवर एक नजर टाकावी. आमच्या पणतवंडांची काही सोय त्यांतही झालेली आहे.

दुसरा प्रकार म्हणजे 'हरवला आहे' या सदरातील घरगुती जाहिराती. बाळ, असशील तेथून निघून ये, आई अत्यवस्थ आहे, तुला कोणी रागावणार नाही, अशा आशयाची जाहिरात ज्याने वाचली नाही असा आमच्या पिढीतील मनुष्य विरळा. दहावीच्या निकालानंतर या जाहिरातींचे पीक येई. आमच्याच वर्गातील एका मुलाविषयी अशी जाहिरात आली होती. चवथ्या दिवशी तो पंढरपुराहून आपण होऊन परतला. जाहिरात वाचून आलास काय, असे विचारता, ती आपण एस. टी. स्टँडवर वाचली, परंतु छायाचित्र आपल्यासारखे दिसत नसल्याने ती दुसऱ्या कोणाची असावी असे वाटले, असे त्याने सांगितले. आई अत्यवस्थ नव्हतीच. दारात केरसुणी घेऊन उभी होती. कोणी रागावणार नाही, हे वचनही पाळले गेले नाही.

आता मुद्रितशोधकांकडे वळू. छापण्यातील चुकांना मराठीत 'मुद्राराक्षसाचा विनोद' म्हणण्याची रीत आहे. संस्कृत नाटकाचे नाव उचलून कोणा रसिकाने हे बारसे केले त्यास आम्ही मनोमन नमस्कार करतो. खिळे जुळविणारा मनुष्य रात्री दिव्याच्या उजेडात अक्षरे उलटी वाचून लावीत असे. एक काना गळला, एक वेलांटी फिरली, की सकाळी मंत्र्यांचा मंत्रिक होई. आता खिळे गेले, संगणक आले. परंतु राक्षस गेलेला नाही. काही वर्षांपूर्वी आपल्याच स्मरणिकेत देणगीदारांच्या यादीत एका हयात गृहस्थांच्या नावामागे 'श्री.' ऐवजी 'कै.' पडले. दुसऱ्या दिवशी ते स्मरणिका काखेत मारून कार्यालयात दाखल झाले. सर्व पदाधिकारी हात जोडून उभे राहिले. गृहस्थ शांतपणे म्हणाले, "चूक दुरुस्त करू नका. मयताकडून देणगी घेता येत नाही, तेवढी माझी रक्कम परत करा." अखेर प्रत्येक प्रतीवर चिठ्ठी चिकटविण्यात आली. त्यानंतर ते अकरा वर्षे जगले, आणि दरसाल पावती हाती आली की रकमेच्या आधी आपल्या नावामागचे अक्षर पाहात.

हा प्रसंग आपल्यावरच आला असे मात्र नाही. १८९७ साली मार्क ट्वेन हा अमेरिकन लेखक लंडनमध्ये असता त्याच्या मृत्यूची आवई उठली. आजारी होता त्याचा एक नातेवाईक. नावसाधर्म्यामुळे घोटाळा झाला. वार्ताहर चौकशीस आला तेव्हा ट्वेनने स्वतःच लिहून दिले की आपल्या मृत्यूची वार्ता जरा फुगवून सांगितलेली आहे. आपल्या देशात तर हा घोटाळा संसदेत झाला. २२ मार्च १९७९ रोजी जयप्रकाश नारायण मुंबईच्या जसलोक रुग्णालयात असता, ते निवर्तल्याचे पंतप्रधान मोरारजी देसाई यांनी लोकसभेत सांगितले. सभागृहाने श्रद्धांजली वाहिली, आणि आकाशवाणीने वार्ता देशभर पोचविली. जयप्रकाशजी तेव्हा जिवंत होते. त्यांचे निधन झाले ते ८ ऑक्टोबर १९७९ रोजी. आम्ही त्या वेळी अध्यापनाचे प्रशिक्षण संपवीत होतो. शोकसभेसाठी आमच्या प्राचार्यांनी फळ्यावर सुविचार लिहून ठेवला होता. तो पुसावा की ठेवावा, हे विचारण्यास शिपायास तीनदा पाठविण्यात आले.

त्याच वर्षी आम्ही दक्षिण सोलापूर तालुक्यातील एका खेड्यात शिक्षक म्हणून रुजू झालो, आणि महिन्याभरातच आकाश कोसळण्याची वेळ आली. वाचकांपैकी साठी उलटलेल्यांस 'स्कायलॅब' हा शब्द आठवेल. अमेरिकेने १९७३ साली अवकाशात सोडलेली सुमारे सत्त्याहत्तर टन वजनाची ती प्रयोगशाळा जुलै १९७९ मध्ये पृथ्वीवर पडणार होती. नेमकी कोठे, हे कोणी सांगू शकत नव्हते. वर्तमानपत्रांत रोज तिच्या मार्गाचा नकाशा येई आणि गावातील पारावर तो आमच्याकडून वाचून घेतला जाई. नकाशातील रेघ सोलापुरावरून गेलेली दिसली की मंडळी गंभीर होत. दुसऱ्या दिवशी ती सरकलेली दिसली की शेजारच्या जिल्ह्याविषयी हळहळ व्यक्त करीत. त्या आठवड्यात गावातील कोंबड्यांची संख्या झपाट्याने घटली. मरावयाचेच आहे तर उपाशी का मरा, असा सरळ हिशेब होता. एका गृहस्थांनी उसने घेतलेल्या पैशांविषयी 'अकरा तारखेनंतर पाहू' असे सावकारास सांगितले, आणि सावकारानेही ते मान्य केले. आमच्या वर्गाची हजेरी साठावरून नऊवर आली.

११ जुलै रोजी स्कायलॅबचे तुकडे हिंदी महासागरात आणि ऑस्ट्रेलियाच्या पश्चिम भागात, एस्परन्स गावाच्या आसपास पडले. कोणासही इजा झाली नाही. एस्परन्सच्या स्थानिक मंडळाने अमेरिकेच्या अवकाशसंस्थेस रस्त्यात कचरा टाकल्याबद्दल चारशे डॉलर दंड केला. तो तीस वर्षांनी, २००९ साली, एका अमेरिकन नभोवाणी निवेदकाने आपल्या श्रोत्यांकडून वर्गणी जमवून भरला. आमच्या गावी मात्र १२ जुलैस सकाळी सावकार दारात उभा होता. आपल्या शहरातील अनेक विणकर कुटुंबांचे मूळ ज्या तेलंगणात आहे, तेथेही हीच धांदल उडाली होती. करीमनगर भागातील एका खेड्याची तेव्हाची कथा घेऊन २०२१ साली तेलुगू चित्रपटच निघाला.

खेडवळ लोकांस हसणाऱ्यांनी हेही ध्यानात घ्यावे, की अशी फजिती शहाण्या शहरांचीही झालेली आहे. न्यूयॉर्कच्या 'सन' या पत्राने ऑगस्ट १८३५ मध्ये सहा लेखांकांत छापले, की ज्योतिषी सर जॉन हर्शेल यांनी दुर्बिणीतून चंद्रावर वटवाघळासारखे पंख असलेली माणसे पाहिली. सारा बनाव होता. हर्शेल बिचारे आफ्रिकेच्या टोकाला तारे मोजीत होते. प्रथम त्यांस मौज वाटली, पुढे चौकशीची पत्रे येऊ लागली तेव्हा ते कंटाळले. १९१० साली हॅलेच्या धूमकेतूच्या शेपटातून पृथ्वी जाणार म्हणताच अमेरिकेत धूमकेतूवरील गोळ्या विकल्या गेल्या. फेब्रुवारी १९६२ मध्ये मकर राशीत आठ ग्रह एकत्र आले तेव्हा आपल्याकडे किती यज्ञ झाले आणि त्यांत किती तूप जळले, याच्या कथा आमच्या बालपणी घरोघर सांगितल्या जात.

येथवर हसणे सोपे आहे. परंतु जुनी पत्रे चाळताना मध्येच एखादे पान असे येते की हसू ओठांवर येऊन थांबते. मे-जून १९३० मध्ये सोलापुरात लष्करी कायदा होता. त्या दिवसांत डोक्यावर गांधी टोपी घालणे हा येथे अपराध ठरला. दीड वीत खादीच्या कापडाने साम्राज्य हादरावे, यासारखी थट्टा कोणा विनोदी लेखकास सुचली नसती. पण त्याच दिवसांत 'कर्मयोगी'चे संपादक रामभाऊ राजवाडे यांस शिक्षा झाली; आणि 'गझनफर' पत्राचे संपादक कुर्बान हुसेन यांस मल्लप्पा धनशेट्टी, जगन्नाथ शिंदे व श्रीकिसन सारडा यांच्यासह १२ जानेवारी १९३१ रोजी येरवड्यास फाशी देण्यात आले. टोपीची गंमत सांगताना आम्ही वर्गात नेहमी या ठिकाणी थांबत असू, आणि मुलेही थांबत.

आता ज्या जुन्या बातमीने आम्हांस सर्वांत अधिक हसविले आणि मग सर्वांत अधिक विचारात पाडले, ती सांगतो. ती चहाची आहे.

ऑक्टोबर १८९० मध्ये पुण्यातील पंचहौद मिशनमध्ये एका व्याख्यानासाठी शहरातील चाळिसांवर प्रतिष्ठित मंडळींस निमंत्रण गेले. न्यायमूर्ती रानडे, लोकमान्य टिळक, गोखले अशी मोठी माणसे तीत होती. व्याख्यान झाल्यावर चहा-बिस्किटे पुढे आली. कोणी चहा घेतला, कोणी नुसता पेला हाती धरला, कोणी तो तसाच ठेवून दिला. ख्रिस्ती घरचा चहा. त्या काळी ही लहान गोष्ट नव्हे. या साऱ्यामागे गोपाळराव जोशी यांचा हात होता. पहिल्या मराठी स्त्री डॉक्टर आनंदीबाई जोशी यांचे हे पती. मनुष्य अत्यंत विक्षिप्त, आणि दांभिकपणा उघडा पाडण्यात त्यांस विलक्षण आनंद होई. हजर असलेल्यांची नावे 'पुणे वैभव' या पत्रात छापून आली. झाले! सुधारणेवर व्याख्याने देणारे आणि धर्मावर अग्रलेख लिहिणारे, दोघेही एकाच यादीत, एकाच पेल्यात बुडाले.

जे लोक आपसांत कधी एकमताने वागले नाहीत, त्यांस एका चहाने एका आरोपात बसविले. प्रकरण शंकराचार्यांकडे गेले, चौकशीसाठी शास्त्री नेमले गेले, आणि पेल्यास ओठ लागला होता की केवळ बोट लागले होते, यावर वादविवाद झाला. लोकमान्यांनी तर शास्त्रांच्या आधारे आपली बाजू स्वतः मांडली आणि काशीस आपण प्रायश्चित्त घेतल्याचेही सांगितले. कायद्याची परीक्षा दिलेल्या मनुष्याचा असाही उपयोग होतो. या प्रकरणास 'चहा-ग्रामण्य' असे भारदस्त नाव आहे. ग्रामण्य म्हणजे धर्मबाह्य वर्तनावरून ज्ञातीत उभा राहणारा वाद आणि त्यातून होणारा बहिष्कार. आम्ही हे वाचीत असता एवढ्या मोठ्याने हसलो, की वाचनालयातील सेवकाने भिंतीवरील 'शांतता राखा' या पाटीकडे बोट दाखविले. निवृत्त शिक्षकास असा प्रसंग जन्मात एकदाच येतो.

परंतु रमाबाई रानडे यांच्या आठवणी ज्यांनी वाचल्या आहेत, त्यांस या गमतीची दुसरी बाजू ठाऊक आहे. वाळीत पडलेल्या घरी श्राद्धपक्षास भिक्षुक मिळेनात. माहेरच्यांनी मुलीस न्यावे की न न्यावे, असे पेच पडले. न्यायमूर्ती स्वतः सोसण्यास तयार होते. परंतु बरोबरच्या स्नेह्यांच्या घरांतील अडचण पाहून त्यांनी १८९२ मध्ये प्रायश्चित्त घेतले, आणि त्यासाठी सुधारकांचेही बोल ऐकून घेतले. ज्या यादीस आम्ही हसलो, तीतील प्रत्येक नावामागे एक स्वयंपाकघर होते आणि तेथे कोणी तरी रडत होते.

हे वाचून घरी आलो आणि वडिलांच्या पेटीतील ते कात्रण काढून पुढ्यात ठेवले. तीही एक यादीच आहे.

सप्टेंबर १९३२ मध्ये महात्माजींनी येरवड्याच्या तुरुंगात उपोषण केले, पुणे करार झाला, आणि त्यानंतर गावोगाव सहभोजने होऊ लागली. असेच एक सहभोजन सोलापुरात झाले. आमचे आजोबा तेव्हा जुन्या गिरणीत साचेखात्यात होते. बरोबरचे गिरणीकामगार गेले म्हणून तेही गेले. भाकरी, पिठले, शेंगांची चटणी आणि बुंदीचे लाडू, असा बेत होता. वडील म्हणत, आजोबा तत्त्वासाठी गेले. आजी म्हणत, "कसले तत्त्व? लाडवासाठी गेले." या वादाचा निकाल आमच्या घरात अखेरपर्यंत लागला नाही.

गावातील एका वर्तमानपत्राने जेवणाऱ्यांची नावे छापली. त्यांत आजोबांच्या नावातील एक अक्षर मुद्राराक्षसाने खाल्ले, आणि उरलेले नाव आपल्याच ज्ञातीतील दुसऱ्या एका गृहस्थांचे झाले. हे गृहस्थ एवढे सोवळे, की परगावी गेले तर घरचे पाणी तांब्यातून बरोबर नेत. पंचांनी त्यांस बोलाविले. त्यांनी सिद्धेश्वराची शपथ घेतली. पंचांपैकी एकासच वाचता येत होते, त्यांनी वर्तमानपत्र पुढे करून विचारले, "छापले आहे ते खोटे कसे असेल?" गृहस्थांच्या घरी मुलीचे लग्न ठरलेले. त्यांनी वाद न करता पाच रुपये दंड भरला.

आजोबांस ही वार्ता गिरणीत कळली. गप्प बसले असते तर कोणास काही समजले नसते. आजींनीही तसेच सुचविले होते, हे त्यांनी स्वतः आम्हांस सांगितले. परंतु संध्याकाळी भोंगा झाल्यावर आजोबा घरी न येता तसेच अंगावरच्या सुताच्या फुफाट्यासह पंचांपुढे गेले आणि म्हणाले, "ते नाव माझे आहे. जेवलो तो मी." पंचांनी विचारले, काय खाल्ले? आजोबांनी सर्व पदार्थ क्रमाने सांगितले आणि लाडू दोन खाल्ल्याचेही सांगितले. दंड भरण्यास मात्र त्यांनी नकार दिला. तेव्हा त्यांस वाळीत टाकण्यात आले.

सोवळ्या गृहस्थांनी आपले पाच रुपये परत मागितले. पंचांनी बराच विचार करून सांगितले, की जमा झालेली रक्कम परत देण्याची वहिवाट नाही. ती त्यांच्या नावे अनामत राहील. त्या वेळच्या जमाखर्चाची वही आजही आपल्या संस्थेच्या कपाटात आहे. ती नोंद आम्ही आमच्या डोळ्यांनी पाहिली. गेल्या इतक्या वर्षांच्या स्मरणिकांतून ज्ञातीच्या इतिहासावर कितीतरी लेख आले, आमचेही आले. त्या वहीतील हे पान कोणी छापले नाही. पंचांच्या हेतूविषयी आम्ही काही म्हणत नाही. त्यांच्या वाडवडिलांनी जे केले तेच ते करीत होते, आणि त्यांचे नातू-पणतू आज आमचे स्नेही आहेत. वाळीत टाकण्याविरुद्ध मुंबई राज्याने १९४९ साली कायदा केला, तो १९६२ साली सर्वोच्च न्यायालयाने रद्द ठरविला. पुढे महाराष्ट्राने २०१६ साली स्वतंत्र कायदा केला व तो ३ जुलै २०१७ पासून अंमलात आला. आता या अपराधास तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक लाखापर्यंत दंड होऊ शकतो. १९३२ साली यांपैकी काहीच नव्हते. आजोबांचा बहिष्कार तीन वर्षे चालला आणि मग कोणी न उठविताच विरून गेला.

त्या तीन वर्षांत आमच्या पणजी वारल्या. श्रावणातील रात्र, पाऊस लागलेला. निरोप सर्वांस गेला. ज्ञातीतील एकही दार उघडले नाही. आजोबा एकुलते एक. त्यांनी विस्तवाचे मडके धरून पुढे चालावयाचे, तेव्हा खांदा देण्यास चार माणसे हवी होती. गिरणीतील तिघे आले. ते तिघेही परज्ञातीचे. चवथा मिळेना. उजाडेपर्यंत वाट पाहिली. आजी सांगत, की तेवढ्यात गल्लीच्या तोंडाशी कोणी तरी धोतर वर खोचून, पाणी तुडवीत येताना दिसले. ते सोवळे गृहस्थ होते. त्यांच्यामागे पंचांकडील एक मनुष्य धावत आला आणि म्हणाला, "अहो, तुम्हांसही दंड होईल!"

गृहस्थांनी उपरणे खांद्यावर सारखे केले, तिरडीचा दांडा उचलला आणि मागे न पाहता म्हणाले, "माझे पाच रुपये जमा आहेत. त्यांतून वळते करून घ्या."